दहा बैठका

ग्राउंडवरचे किस्से सांगायला बसलो की आधी हसू येतं आणि मग एका गुडघ्यापाशी येऊन मी अडकतो. सोलापुरातल्या शाळेत पंचवीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. किस्से साचणारच.

आमच्या ग्राउंडवर प्रत्येकजण डॉक्टर. मैदान आखणारे भीमामामा तर सर्जनच! पाय मुरगळो नाहीतर खांदा दुखो, मामांचं निदान एकच: "नस चढलीया." लगेच तेलाची बाटली निघायची. एकदा हेडमास्तरांचं डोकं दुखत होतं, तर मामा म्हणाले, पोटरी दाखवा. हेडमास्तरांनी निमूट दाखवली.

मी मामांना हसायचो. पण माझंही एक औषध होतंच. दुखापतीनंतर मुलगी परत आली की मी म्हणायचो, "दहा बैठका काढ." काढल्या की टीममध्ये. एकीनं तर मोजताना सातावरून थेट नऊ म्हटलं. फायनल तोंडावर होती, म्हणून मीही ऐकलं नाही असं दाखवलं.

रेणुका जवळच्या कुंभारी गावची. ती रेडला गेली की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. एकदा प्रॅक्टिसमध्ये वळताना तिचा पाय जागीच राहिला आणि अंग फिरलं. "सर, आत कट् झालं की," ती म्हणाली. मी दाबून बघितलं, हाड शाबूत वाटलं. बर्फ लावला. तीन आठवड्यांत सूज उतरली, आणि पोरीनं दहा सोडून पंधरा बैठका काढल्या. मी खूश. जिल्ह्याच्या मॅचला उतरवली. दुसऱ्याच रेडला ती वळली आणि गुडघा सटकला.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटलं होतं. सूज गेली म्हणजे ते जुळलं असं नसतं. सरळ चालता येतं, बैठकाही निघतात. वळताना मात्र हाडाला धरून ठेवणारं आत काही नसतं. या दुसऱ्या झटक्यात गुडघ्यातली गादीही फाटली होती. पोरीला आधी आणलं असतं तर गादी बहुतेक वाचली असती, असं ते म्हणाले. इतकी वर्षं मी भलतंच तपासत होतो.

ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून नवं लिगामेंट बसवलं. मग नऊ महिने व्यायाम. फिजिओनं तीन वेळा सांगितला, तर ही पाच वेळा करायची. आई विड्या वळता वळता तिचे आकडे मोजायची. एकदा भेटायला गेलो तर माउली चहा पुढं करत म्हणाली, "डाक्टरकडं न्यावं म्हनत हुते मी. पर तुमी हाय म्हनून न्हाय नेली." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गादीचा बराच भाग काढावा लागला होता. कबड्डी नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेणुका आता माझ्याबरोबर लहान मुलींना शिकवते. बैठकांची परीक्षा मी बंद केली, तसं सगळ्यांना सांगितलंही.

गेल्या महिन्यात सहावीतली एक पोरगी वळताना पडली. गुडघा धरून बसली होती. मी येताना दिसलो तशी धडपडत उठली, ओठ दाबले आणि माझ्याकडे बघत बैठका काढायला लागली. "एक... दोन..."

रेणुका मधे आली. तिला खाली बसवलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, गाडी काढा."