जिभेवरचा फोड आणि लोह्याचं स्थळ

तोंडातल्या कुठल्याही दुखण्याचं कारण मी बसल्या जागी सांगू शकतो. लातूरच्या शाळेत दातांचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवून राहिलो. मला डॉक्टर कशाला?

त्यामुळे जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा मी ताबडतोब निदान केलं: उष्णता. सब्जा प्यालो, गुलकंद खाल्ला (अख्खी बरणी). फोड तसाच. मग निदान सुधारलं: जीवनसत्त्व कमी. गोळ्या घेतल्या. फोड वाढला! तेव्हा खरा गुन्हेगार सापडला, बायकोच्या हातचं तिखट. घरात फिकं वरण सुरू झालं आणि बायकोनं बोलणं टाकलं.

त्याआधी ती म्हणाली होती, "अहो, दातवाल्याला दाखवा."

"दुखते जीभ. दातवाला काय करील?"

एवढ्यात लोह्याला मुलाचं घर बघायला जायचं ठरलं. आमच्या पूजानं कितीतरी स्थळं नाकारून या एकाला 'हाव, चालंल' म्हटलं होतं. मुलगा दातांचाच डॉक्टर. बायको बोलती झाली, "त्यालाच दाखवा की."

"पहिल्याच भेटीत होणाऱ्या जावयापुढं तोंड वासू? मला काही इज्जत हाय का न्हाई?"

लोह्यात आम्हा तिघांपुढं ताटं आली. येसराची आमटी, लालभडक, वर तेलाचा तवंग. पहिल्याच घासाला ब्रह्मांड आठवलं. मी ताट पुढं सारलं.

आमच्याकडं मुलीच्या बापानं ताट सारलं म्हणजे स्थळ नापसंत!

"गुरुजी, काही चुकलं का आमचं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाई हो, पोट भरलं."

"एका घासात?"

मुलाची आई डोळ्याला पदर लावून आत गेली. पूजा कानाशी आली, "बाबा, माझं लग्न मोडून राहिलात तुम्ही."

माझं काळीज हललं. इज्जत गेली खड्ड्यात, म्हटलं, "जीभ लई दुखते हो."

मुलगा उठला. "मामा, आ करा." मोबाईलचा उजेड पाडला. त्याच्यामागून त्याचे वडील, काका, शेजारी एकेक करून वाकून बघून गेले (पूजाला एवढं कुणी निरखलं नव्हतं).

"दाढेचा तुकडा उडालाय. त्याची धार जिभेला घासते. काही कडक चावलं होतं?"

"सुपारी," बायको म्हणाली.

"उद्या दवाखान्यात या, धार घासून देतो. तरीही फोड भरला नाही तर मात्र तपासणी करायची, अंगावर काढायचं नाही. तोवर तिखट बंद आणि बोलणं एकदम कमी."

बायकोनं पदर सावरला. "जावईबापू, हा शेवटचा इलाज कायमचा चालू ठेवला तर काही अपाय?"

त्या एका 'जावईबापू'वर लग्न ठरलं. मुलीच्या बापाला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं ना!