पाय टेकवणे आवश्यक

अर्जदार: स्त्री. वय: त्रेसष्ट. उंची: पाच फूट एक इंच. व्यवसाय: सेवानिवृत्त. ओळखीची खूण: डाव्या पोटरीवर सायलेन्सरचा जुना चटका. शारीरिक स्थिती: तोल सांभाळण्यास असमर्थ. वाहन: मोटारसायकल, वजन साडेपाचशे किलो, चाके तीन (?). शेरा: चाचणीत अनुत्तीर्ण. थांबल्यावर पाय जमिनीवर टेकवत नाही.

कंसातलं प्रश्नचिन्ह परवाना कार्यालयाचं आहे. चाकं मोजायला तिथला एक माणूस दोनदा बाहेर येऊन गेला होता, तरी ते राहिलं.

हे वर्णन वाचून डोळ्यांपुढे कोणी अडेलतट्टू म्हातारी आली असेल, तर ती कार्यालयाने निर्माण केलेली आहे. प्रत्यक्षात आहेत त्या फोरमनबाई. बस आगाराच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं गिअरबॉक्स विभागात काढलेल्या. चालत्या गिअरबॉक्सच्या झाकणाला कान लावून आतला कुठला दात झिजलाय ते त्या सांगत, आणि झाकण उघडलं की मुकाट्याने तोच दात झिजलेला निघे. ज्या कानावर एवढी नोकरी उभी होती, त्याच कानाने निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी दगा दिला. साधा ताप आला, गेला, आणि जाताना आतलं तोल सांभाळणारं काय असतं ते घेऊन गेला.

डॉक्टर बराच वेळ समजावत राहिले. बाईंनी एका वाक्यात निदान केलं. "म्हणजे बेअरिंग गेलं. आणि सुटा भाग मिळत नाही."

त्यानंतर आठवड्याभरात त्या सिग्नलला उभ्या गाडीवरून पडल्या. चालत्या गाडीवरून पडण्यात निदान काही तरी घडलेलं असतं. उभ्या गाडीवरून पडलं की लोक उचलायला येतात आणि वय विचारतात.

खरी अडचण रविवारची होती. डोंगरापलीकडे, सत्तर किलोमीटरवर, बाईंची अक्का राहते. अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून बाईंची वेणी हिनेच घातलेली. आता अक्काचे गुडघे उंबरा ओलांडू देत नाहीत. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी सकाळी बाई आपल्या जड मोटारसायकलवरून तिच्याकडे जात, तिची नखं कापत, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत, कडाडून भांडत आणि परत येत. बसने जावं तर तिसऱ्या वळणाला पिशवी तोंडाशी. जन्मभर बस दुरुस्त केलेल्या बाईला बस लागावी, याला काय म्हणायचं? भावाचा मुलगा महिन्यातून एकदा मोटारीने न्यायचा आणि जाता-येता चार वेळा सांगायचा की त्याचा रविवार गेला.

अक्का फोनवर म्हणायची, "नखं वाढलीत माझी. आता झाडावर चढेन म्हणते."

"चढ. गुडघे कुठून आणशील?"

"तू कान आण, मी गुडघे आणते."

अशा वेळी एका दंतवैद्याची तीनचाकी विकायला निघाली. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये अठराशे सीसीचं इंजिन. दंतवैद्याने ती दोनदा चालवली आणि दोन्ही वेळा बायकोने बघितलं, एवढाच तिचा इतिहास. बाईंनी झाकणाला कान लावला नाही. नुसता हात ठेवला.

या गाडीचं कौतुक करणारे बहुतेक लोक तिच्या चकाकीचं करतात. बाईंना चकाकीशी घेणं नव्हतं. ती उभी राहते, एवढं पुरे होतं. इंजिन चालू असो की बंद, माणूस बसलेला असो की गेलेला, ती आपली उभी. खालच्या वेगात असा जोर की चढावर दुसरा गिअर टाकून विसरून जावं. आणि मागे जायचा गिअर! ज्या बाईने साडेतीनशे किलोची मोटारसायकल चाळीस वर्षं पायांनी मागे ढकलली, तिला बटण दाबल्यावर साडेपाचशे किलो आपोआप मागे सरकताना बघून भरून आलं. डोळ्यांत काही तरी गेलं असं त्या म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत.

दोषही होते. ही गाडी वळणावर कलत नाही. दुचाकीला अंग वाकवून वळवायची सवय असलेल्या माणसाला ही बाहेर फेकू बघते. हँडल सरळसरळ ओढून वळवावं लागतं, दंड भरून येतात. खड्डा एका चाकाने चुकवला की दुसऱ्याने गाठायचा. पण सगळ्यात मोठा धोका चालवणाऱ्याच्याच पायात असतो. दुचाकीवाला थांबताना न विचारता पाय खाली सोडतो. इथे पाय सोडला की मागून रुंद चाक येतं आणि टाचेवर चढतं.

चाळीस वर्षांची सवय मोडायची कशी? बाईंनी डाव्या बुटाची नाडी गाडीच्या पाय ठेवायच्या पट्टीला सुतळीने बांधली आणि आगाराच्या जुन्या पटांगणात रोज सकाळी तासभर चालवणं-थांबवणं केलं. पहिल्या दिवशी सुतळीला चाळीसेक हिसके बसले. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. मग सुतळी सोडली. तरी पाय जागचा हलेना. तेव्हाच त्यांनी, सिग्नलला पडल्यावर जुना रद्द झालेला, परवान्यासाठी नव्याने अर्ज केला, कारण डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की स्वतःच्या बळावर उभ्या राहणाऱ्या वाहनास हरकत नाही.

परीक्षक तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फळी. फळीवर मोटारसायकलचा छापील तक्ता. कलम सात: थांबल्यावर डावा पाय जमिनीवर टेकवणे आवश्यक.

"पाय, बाई."

"इथे टेकवायचा नसतो, साहेब. चाक चढतं."

"तक्त्यात आहे."

"तक्ता दोन चाकांचा आहे."

"मोटारसायकलला हाच तक्ता आहे."

अनुत्तीर्ण. पंधरा दिवसांनी परत, परत अनुत्तीर्ण. ज्यांच्यापुढे आगाराच्या भल्याभल्या साहेबांनी हात टेकले, त्या बाई एका पायासाठी अडल्या. त्यांनी वरच्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं, आकृतीसह: चाक कुठे, टाच कुठे, पहिल्या दिवशी सुतळीला हिसके किती. एक प्रत परीक्षकाला दिली. उत्तर तब्बल सात आठवड्यांनी आलं. 'अर्जदाराने अतिरिक्त चाक काढून चाचणी द्यावी.' साक्षर माणसाने हे वाक्य रचलं, दुसऱ्याने टंकलं, तिसऱ्याने सही केली. तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की चाक काढलं तर गाडी आडवी होईल आणि वर एक म्हातारी असेल. सात आठवडे म्हणजे सात रविवार. त्यांतल्या एकाच रविवारी भाच्याला सवड झाली.

"नखं?" बाईंनी फोनवर विचारलं.

"शेजारणीने कापली," अक्का म्हणाली. "तिला जमत नाही गं."

तिसऱ्या चाचणीला बाई गाडीवर बसल्याच नाहीत. किल्ली पुढे धरली. "साहेब, तुम्ही मोटारसायकल चालवता?"

"बारा वर्षं."

"मग एकदा दाखवा मला. सावकाश. त्या पांढऱ्या रेघेपाशी थांबा आणि जमलं तर पाय वरच ठेवा. वरच ठेवा हं, मी सांगितलंय."

परीक्षकाला असं वागण्याची परवानगी नसावी. पण अठराशे सीसी समोर उभं होतं आणि तो शेवटी माणूसच होता. गाडी रुबाबात निघाली. रेघ आली. बाई ओरडल्या, "पाय वर!" बारा वर्षांच्या डाव्या पायाला ते ऐकू गेलं नाही. तो खाली आला, नियमाप्रमाणे, आणि गाडी जागच्या जागी अडकल्यासारखी थांबली. मागचं चाक बुटाच्या टाचेवर होतं.

"हलू नका!" बाई धावल्या. "अंगठ्यापाशी बटण आहे, दाबा. मागे येईल."

गाडी वीतभर मागे सरकली. बुटाची टाच निघून रेघेवर पडली होती. आतला पाय शाबूत होता, चेहरा तेवढा पांढरा होता.

"लागलं का हो?" बाईंनी खाली बसून घोटा चाचपला. "बोटं हलवा. हं. हाड नाही गेलं."

"चाळीस हिसके म्हणालात ना पत्रात?" तो हळू आवाजात म्हणाला.

"पहिल्या दिवशी. तुमचा एकच झाला."

मग बाईंनी चाचणी दिली. आठचा आकडा, चढ, मागे घेणं, थांबणं. तो एका बुटावर उभा राहून बघत होता. कलम सातपाशी पेन अडलं. तक्ता बदलायचा अधिकार त्याला नव्हता, आणि आजही कोणी बदललेला नाही. त्याने लिहिलं: 'पाय टेकवण्यात आला.' कोणाचा, हे तक्ता विचारत नाही.

परवाना घरी आला. त्यात नोंद आहे की धारकास तोल सांभाळता येत नाही, तसेच धारक प्रत्येक थांब्यावर डावा पाय जमिनीवर टेकवते.

पहिल्या रविवारी वाटेत पाच सिग्नल आणि एक रेल्वे फाटक लागलं. बाईंचा पाय जमिनीला लागला तो अक्काच्या दारात.