गोवरची लस

नव्वदच्या दशकात आम्ही लखनऊला, सरोजिनी नगरमध्ये भाड्याने राहायचो. नवऱ्याची नोकरी अमौसीच्या विमानतळावर. शेजारीण घरी बसून जुन्या शहरातल्या चौक बाजाराच्या व्यापाऱ्यासाठी चिकनकारीचं भरतकाम करायची. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच महिन्यातली, त्यामुळे लस टोचायला दर वेळी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात बरोबरच जायचो.

गोवरच्या लशीला गेलो तेव्हा नर्सबाईंनी दारातच मान हलवली. "बच्चे कम हैं. शीशी खोलेंगे तो बाकी फेंकनी पड़ेगी. अगले बुधवार आना."

पुढच्या बुधवारीही तेच. मग नवऱ्याने स्कूटर काढली, आम्ही मुलीला लस टोचायला शहरातल्या खासगी डॉक्टरकडे निघालो. शेजारणीला म्हटलं, तूही चल. तिची सासू आतूनच म्हणाली, "सरकारी में लगती तो है, बहू. रुक जा."

काही दिवसांतच मुलाला ताप भरला. कानामागे पुरळ उठलं आणि अंगभर पसरलं. सासूने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. डॉक्टरकडे नेऊ देईना. धाप लागली तेव्हा मात्र आम्ही दोघी त्याला घेऊन सायकलरिक्षाने निघालो. वाटेत तिच्या मांडीवरच त्याने प्राण सोडला. रिक्षावाल्याला कळलं नव्हतं, तो जिवाच्या आकांताने पेडल मारत होता. ती म्हणाली, "भैया, वापस ले लो."

पुढे तिला मुलगी झाली. तिच्या पहिल्या लशीच्या दिवशी मीही सोबत गेले होते. कुठल्याशा संस्थेची एक तरुणी बाकावरच्या आयांना विचारत होती, इथल्या कामावर तुम्ही खूश आहात का? नर्सबाई समोरच उभ्या. सगळ्या म्हणाल्या, "हाँ, अच्छा है." शेजारीणही तेच म्हणाली.

घरी येताना मी विचारलं, "ऐसा क्यों बोली?"

"इसे भी तो यहीं लाना है, दीदी."

मुलगी गोवरच्या लशीच्या वयाची झाली, तेव्हा आदल्या दुपारी शेजारणीने गल्लीतलं एकेक दार ठोठावलं. "कल बच्चे को ले आना, सब साथ चलेंगे." एका म्हातारीने तिला उंबऱ्यावरूनच हाकललं. जिचं मूल गेलं, तिने दुसऱ्यांच्या मुलांना बोलवायला येऊ नये म्हणे. ती पुढच्या दाराकडे वळली.

बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बायका मावेनात. नर्सबाईंनी मुलं मोजली आणि लशीची बाटली उघडली.

परतताना ती रस्ताभर मुलाविषयी बोलत होती. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.