राजश्रीमॅडमची पाण्याची बाटली

राजश्रीमॅडम संध्याकाळी बसमधून उतरल्या, की स्टॉपजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी जायच्या आणि स्टीलची लिटरभराची बाटली तिथं उपडी करायच्या. बाटली सकाळी त्यांच्या आईनं भरून दिलेली असायची. तिच्यातला एक घोटही कमी झालेला नसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना झाडाझुडपांची हौस दिसते. तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हौस कसली? भरलेली बाटली घरात नेली, तर आई उद्यापासनं नोकरी बंद करंल."

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच बायका होतो. त्या एम.एस्सी., सात वर्षांच्या जुन्या. मी गडहिंग्लजहून नुकतीच आलेली, मुळात भित्री, आणि "सहा म्हैनं बघू, न्हाय जमलं तर बी.एड. कर," अशी वडिलांकडून, म्हणजे अण्णांकडून, मुदत घेऊन आलेली. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना आमच्याकडं यायचा. तो तपासून आम्ही होकार दिला, तरच रस साच्यात ओतायचा. मॅडम नमुना फोडून त्याची तुटलेली कड उजेडाकडं धरायच्या आणि मशीनवर आकडा यायच्या आधीच म्हणायच्या, "थांबवा. सिलिकॉन कमी हाय." आकडाही तेच सांगायचा. त्यांच्या एका शब्दासाठी सगळं शेड खोळंबायचं. असली हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि या बाईंना दिवसभर पाणी पिता येत नव्हतं. अख्ख्या कारखान्यात एकच संडास, तोही वाळूच्या ढिगामागं, आणि त्याला आतून कडी नव्हती. मॅडम नोकरीला लागल्या त्याच महिन्यात, त्या आत असताना कुणीतरी दार ढकललं होतं. तेव्हापासून कामावर असेपर्यंत त्यांनी पाणीच सोडलं.

"आपण दोघी जाऊया. मी दाराशी थांबते," मी एकदा सुचवलं.

"दोघी गेलो की साहेब म्हणणार, बायका टोळीनं फिरत्यात."

"मग साहेबांनाच सांगूया की."

"सांग. ते म्हणतील, म्हणूनच आम्ही लेडीज घेत न्हाय. सोमवारी तुझ्या खुर्चीत एखादा पोरगा बसलेला असंल."

घरी सांगितलं तर घरचे नोकरी सोडायला लावणार आणि साहेबांना सांगितलं तर साहेब. म्हणून दोन्हीकडं 'सगळं ठीक' म्हणायचं, हा मॅडमचा नियम होता. महिन्याभरात तो माझाही झाला. अण्णांचा फोन आला, की घशाला कोरड पडलेली असतानाच मी म्हणायचे, "व्हय अण्णा, सगळं ठीक हाय."

पण मॅडमकडं बघून मला धसका बसायचा. दुपारनंतर त्यांचा हात नकळत ओटीपोटावर जायचा, कपाळावर घाम यायचा. "मॅडम, घोटभर तरी प्या," म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "मी काय मरतो व्हय? गप काम कर." कोल्हापूरच्या पोरींप्रमाणं त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. त्या बोलण्यातल्या ऐटीनं मी गप्प बसायचे, पण रोज परतीच्या बसमध्ये त्यांच्या चेहऱ्यावरची माझी नजर हलायची नाही.

एका आठवड्यात त्या लागोपाठ तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मोसंबी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पदवी घेतानाचा मॅडमचा फोटो. आतल्या खोलीत मॅडम तापानं निजलेल्या. त्यांची आई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतोय, किडनीला सूज हाय. पाणी पोटात जात न्हाय म्हणं. आन् बाटली तर रोज रिकामी येती. तू संगं असतीस. खरं सांग पोरी, काय भानगड हाय?"

उघड्या दारातून मॅडम माझ्याकडं बघत होत्या. नको सांगूस, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. पण त्या माउलीसमोर 'सगळं ठीक' काही तोंडातून फुटेना. मी खाली बघून दार, कडी, कडुलिंब, सगळं सांगून टाकलं.

मॅडमच्या आई ओरडल्या नाहीत. लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "म्या गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलल्यात. दिसभर दाबून धरायचं म्हंजी काय, ते मला इचार. तुला शिकवली ती ह्यातनं सुटावीस म्हणून. आन् तू एम्मेस्सी हून तितंच जाऊन बसलीस व्हय गं?"

मॅडमनी भिंतीकडं तोंड केलं.

मॅडमनी पाठवलेल्या राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'. साहेब तो कागद दाखवत मला म्हणाले, "बघा, बायकांचं हे असं असतं. इतकी हुशार बाई, पण घरचे आडवे आले." मी काही बोलले नाही. माझी मुदत संपायला दोन महिने होते आणि मला नोकरी हवी होती. त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

मॅडम आता गल्लीतल्याच एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवतात. महिनाभर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मग एक दिवस स्वतःच करून म्हणाल्या, "तू खरं बोललीस, त्यात तुझं काय चुकलं? पण भट्टीचा आवाज ऐकू येत न्हाय गं, करमत न्हाय." मी खूप रडले.

मॅडमच्या खुर्चीत मी बसू लागले. काही महिन्यांनी निरोप आला, की माल घेणाऱ्या कंपनीच्या मोठ्या बाई कारखाना बघायला येणार आहेत. आठ दिवसांत लॅबच्या शेजारी संडास उभा राहिला. पांढऱ्या फरश्या, आरसा, दारावर 'लेडीज' अशी पाटी. सात वर्षं जे जमलं नाही, ते आठ दिवसांत. त्या बाई दोन तास थांबल्या आणि तिकडं फिरकल्याही नाहीत.

त्या गेल्यावर मी आत गेले, दार लावलं आणि तिथूनच मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "कडी आतनं लागती?"

"लागती मॅडम."

"नीट बघ. ओढून बघ."

मी ओढून पाहिली. "घट्ट हाय."

"मग पाणी पी जा," त्या म्हणाल्या.