नऊ नंबरपुढचा जोड

डोंगरावरच्या त्या तळ्याकाठी त्यांना सगळे चपलाकाका म्हणत. कौतुकानं नव्हे, चेष्टेनं. होड्यांच्या धक्क्यावर त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि तेहतीस वर्षं एकच हट्ट धरला: होडीत पाय ठेवायचा तर चपला-बूट बाहेर. धक्क्याच्या फळ्यांवर पांढऱ्या रंगात एक ते चौदा आकडे काढलेले होते. ज्या नंबरची होडी, त्या आकड्यापुढे तिच्यातल्या माणसांचे जोड. होडी परत आली, जोड उचलले गेले, की माणसं सुखरूप पोचली असं समजायचं.

फिरायला आलेले लोक कुरकुरत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. एका दिवसात दोन तळी, तीन बागा आणि सहा पॉइंट उरकायचे, तर बुटांच्या नाड्या सोडायला वेळ आणायचा कुठून? डोंगर बघायला म्हणून इतक्या लांब यायचं, डोंगराकडे पाठ करून फोटो काढायचा आणि पुढचं ठिकाण किती लांब आहे ते विचारायचं, अशी सगळी तऱ्हा. काका अशा माणसांच्या तोंडाकडे बघायच्या भानगडीत पडत नसत. ते पायांकडे बघत. कुणाची टाच आतून झिजलीय, कोण नवा बूट चावतो म्हणून लंगडतंय, हे त्यांना बरोबर कळे.

गेल्या वर्षी मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली होती. सहा नंबरपुढे काळ्या बुटांचा एक जोड उरला. काकांनी आकाशपाताळ एक केलं, चार होड्या पाण्यात सोडल्या, खालच्या गावातून पाणबुडे बोलावले. आणि बुटांचा मालक? तो समोरच्या दुकानातून नवे बूट घेऊन, जुने तिथेच टाकून, हॉटेलात निवांत जेवत होता. ठेकेदारानं काकांना सगळ्यांसमोर झापलं. चपलाकाका हे नाव तेव्हापासूनचं. यंदा ठेकेदारानं नंबर घातलेली लाइफ जॅकेटं आणली आणि सांगून टाकलं, "आता जॅकेटं मोजायची. तुमचं चपलांचं दुकान हा हंगाम संपला की बंद." तिकीट खिडकीत बसणारी काकांची लेकही म्हणाली, "बाबा, पुरे करा आता. लोक हसतात हो." पोटची पोरच असं म्हणाली म्हटल्यावर काकांना ते लागलं. जोड मात्र लावत राहिले.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला सात जणांचं एक कुटुंब आलं. दोन भाऊ, दोघांच्या बायका, थोरल्याची दोन मुलं आणि म्हातारी आई. होड्या पायानं पॅडल मारून ज्याच्या त्यानंच चालवायच्या; सात जण एकीत मावेनात. थोरला आपल्या बायकामुलांना घेऊन चार नंबरमध्ये बसला. धाकटा, त्याची बायको आणि आजी नऊ नंबरमध्ये. काकांनी आजींना हात देऊन आत बसवलं. तपकिरी चपला, डाव्या पायाचा पट्टा जाड काळ्या दोऱ्यानं शिवलेला. "सांभाळा हो त्या," आजी म्हणाल्या. "पायाला सवय झालीय त्यांची."

दोन्ही होड्या समोरच्या काठावरच्या बागेकडे गेल्या. तिथे पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. लोक अनवाणीच उतरतात, फुलं बघतात, परत होडीत बसतात.

साडेतीनला धुकं उतरलं. डोंगरातलं धुकं काही विचारून येत नाही. आत्ता समोरचा काठ दिसतोय म्हणेपर्यंत पाचवी होडी दिसेना. काकांनी शिट्टीवर शिट्टी फुंकली. होड्या एकमेकींवर आपटत, आरडाओरडा करत धक्क्याला लागल्या. घाटरस्ता बंद होणार अशी आवई उठली आणि मग काय विचारता! ज्याला जो हाताला लागेल तो बूट पायात घालून जो तो गाडीकडे पळाला. पाच मिनिटांत धक्का रिकामा झाला.

आणि नऊ नंबरपुढे काळ्या दोऱ्यानं शिवलेल्या त्या चपला तशाच होत्या.

काकांनी नऊ नंबरच्या होडीत वाकून बघितलं.

"चौदा होड्या आल्या," ठेकेदार म्हणाला. "जॅकेटं मी स्वतः मोजलीत. एकही कमी नाही. चला, बंद करा."

"नऊ नंबरमधलं एक जॅकेट होडीत पडलेलं होतं," काका म्हणाले. "अंगात नव्हतं कुणाच्या."

"काढून ठेवलं असेल. गेली म्हातारी अनवाणी. नाहीतर गाडीत दुसऱ्या चपला असतील. गेल्या साली काय झालं, विसरलात?"

काका विसरले नव्हते. विसरून कसं चालेल? जुने बूट टाकून देणारा माणूस त्यांना वर्षभर छळत होता. लेकीनं वहीत लिहिलेल्या थोरल्या भावाच्या नंबरावर फोन लावला. घाटात रेंज नव्हती. बागेच्या रखवालदाराला लावला. तो म्हणाला, बाग रिकामी करून केव्हाच कुलूप लावलं. पायऱ्यांपर्यंत खाली जाऊन बघितलं का, असं विचारलं तर म्हणाला, "या धुक्यात?"

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "गेल्या असतील हो त्या."

काकांनी एक चप्पल उचलली आणि तिच्यापुढे धरली. "हा टाका बघ. दोनदा शिवलाय. चप्पल शिवून शिवून वापरणारं माणूस ती टाकून जातं का?"

लेकीनं त्या टाक्यावरून बोट फिरवलं.

काकांनी वल्ह्यांची जुनी लाकडी होडी सोडली. ठेकेदार धक्क्यावरून ओरडला, "काका, रिकामे परत आलात तर उद्या यायचं नाही! लक्षात ठेवा!"

"दर मिनिटाला शिट्टी वाजव," काका लेकीला म्हणाले. "नाहीतर मला परतीची वाट सापडायची नाही."

दहा हातांवर गेले आणि धक्का नाहीसा झाला. स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसेना. समोरचा काठ दोनशे वीस वल्ह्यांवर, एवढं त्यांना पाठ होतं. पण जराशी दिशा चुकली तर डाव्या हाताला बांधाची मोरी होती आणि तिथलं पाणी आत ओढायचं. काका मोठ्यानं मोजत वल्हवत राहिले. मागून शिट्टी वाजे, ते होडी सरळ करत. शंभर. दीडशे. मनात मेलं तेच: काळे बूट, हसणारी माणसं, उद्या यायचं नाही. त्यांना एकदा वाटलंही, वळावं. कुणाला कळणार होतं? हे वाटल्याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

एकशे नव्वदला त्यांनी हाक मारली, "आजी!" उत्तर नाही.

मागे शिट्टी झाली. आणि लगेच पुढे, धुक्यात कुठेतरी, पाण्यात पाय पडल्यासारखा आवाज आला.

काका थांबले. कान टवकारले. पुन्हा शिट्टी. पुन्हा तोच आवाज, या वेळी जड.

मग त्यांच्या लक्षात आलं. शिट्टी म्हणजे परत या. होडी पायरीशीच लागलीय असं समजून आजी शिट्टीच्या रोखानं येत होत्या. प्रत्येक शिट्टीला एक पायरी खाली, थेट पाण्यात. आणि पायऱ्या सातच होत्या. सातवीनंतर तळ दोन पुरुष खोल.

लेकीला थांब म्हणून सांगायचं कसं? तिला ऐकूच गेलं नसतं. आणि ती थांबली असती तर काका परतले नसते. "आजी, थांबा! पाय हलवू नका! मी येतोय!" ते घसा फाटेस्तोवर ओरडले आणि वल्ही अशी मारली की एक खोबणीतून निखळलं. उरलेल्या एकानं होडी रेटत त्यांनी पुढे घातली.

आजी छातीभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातात पायऱ्यांच्या बाजूची साखळी. शिट्टी झाली आणि त्यांनी साखळी सोडली. काकांनी अर्ध्या होडीबाहेर वाकून त्यांचं मनगट धरलं.

"केवढा वेळ बोलावताय," आजींचे दात वाजत होते. "येतच होते ना मी."

होडीत घेऊन काकांनी आपला कोट त्यांच्या अंगावर टाकला. "जॅकेट का काढलंत?"

"उकडत होतं. म्हटलं, फुलं बघून येते. थोरला म्हणाला, धाकट्याच्या होडीत ये. धाकट्याला वाटलं असेल, दादाबरोबर गेली." त्यांनी कोट घट्ट ओढून घेतला. "आता गाड्यांतही तसंच झालं असेल."

परतताना काकांनी मोजलं नाही. एका वल्ह्यानं, शिट्टीच्या मागोमाग, त्यांनी धक्का गाठला. ठेकेदारानं आजींना उचलून वर घेतलं आणि चहा आणायला स्वतः पळाला. लेकीच्या ओठाला शिट्टी लागून रक्त आलं होतं. तिनं बापाकडे बघितलं आणि रडायलाच लागली.

खिडकीमागच्या खोलीत शेगडीपुढे आजींना बसवलं. काकांनी चपला आणून पायांपाशी ठेवल्या. आजींनी त्या घातल्या, बोटं हलवून बघितली.

एवढ्यात थोरल्या भावाला फोन लागला. लेकीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"तुमच्या आई कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"आई?" थोरला म्हणाला. "धाकट्याच्या गाडीत आहे. का हो?"

"त्यांच्या चपला इथे आहेत," लेक म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. "आणि त्या चपलांत त्याच आहेत! तास झाला! एका तासात एकदा तरी मागं वळून—"

आजींनी तिचा हात धरला.

"ओरडू नकोस गं त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "घाटात आहे तो, धुकं आहे. सावकाश ये म्हणावं."