चेंडू नसतानाचं धावणं

आमच्या सिंगापूरच्या, जुरोंग ईस्टमधल्या ऑफिसात सर जहाजांच्या इंजिनांचे सुपरिंटेंडंट आहेत. ऑफिसात अमेरिकन फुटबॉलची फॅंटसी लीग चालते. खरे खेळाडू निवडून आपली टीम करायची, ते मैदानात चमकले की गुण आपल्याला. यंदा सरांनी निवडीच्या पहिल्याच फेरीत एक कोवळा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा, उचलला. गेल्या वर्षी त्याच्याकडे जेमतेम पास आले होते. आम्ही खूप हसलो.

अमेरिकेतल्या रविवारच्या मॅच इथे सोमवारी सकाळी लागतात; कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, पीत ते बघतात. मान जरा कललेली; बोटीवर इंजिनिअर असताना स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकायची जुनी सवय.

"सर, पास तिकडे गेला," मी म्हणायचो.

"जाऊ दे रे. ह्याचे पाय बघ. पास येणार नाही हे ठाऊक असून जीव तोडून पळतोय."

चार आठवडे पोराने काही केलं नाही. माझी टीम अशी तळाला गेली असती तर मी त्याला कधीच काढलं असतं. सरांनी काढलं नाही. पाचव्या सोमवारी त्याने तीन टचडाउन केले. सगळं ऑफिस ओरडलं. सर शांतपणे कप विसळायला गेले.

मला माझी मुलाखत आठवली. अनुभव तुटपुंजा होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "इंजिनरूमच्या पाळीला, वॉचवर, सगळं सुरळीत असतं, कुणी बघत नसतं, तेव्हा काय करतोस?"

"इंजिनाभोवती फेऱ्या मारतो, सर. उगाचच."

तेव्हा वाटलं होतं, ही नोकरी हातची गेली.