अण्णा फक्त वास घेणार होते

चार माणसं रोज पहाटे फिरायला लागली की पोटं कमी होत नाहीत, किस्से तेवढे वाढतात. कराडला संगमावर आमची चौकडी कैक वर्षं चालतेय. फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार तात्या, ऊसवाले बापू, माजी हेडमास्तर अण्णा आणि मी मेडिकलवाला. पोटं आहेत तिथंच आहेत. पण त्या वाइनच्या क्लासनं एका दिवसात जे दिलं, ते जन्मभर पुरेल.

* * *

झालं असं, की तात्यांच्या पुण्यातल्या पोरानं बापाला वाढदिवसाची भेट म्हणून पलूसकडच्या एका वायनरीत आम्हा चौघांचा टेस्टिंग क्लास बुक केला.

अण्णांचा जीव टांगणीला लागला. लेकीचं लग्न जुळत आलेलं. मुलाचे वडील, तासगावकडचे बागायतदार भाऊसाहेब, पहिल्या बैठकीतच म्हणाले होते, "सर, हुंडा नको, मानपान नको. एकच अट. घर निर्व्यसनी पायजे!"

"आमच्यात सुपारीचं खांडही चालत नाही!" अण्णांनी ठणकावलं होतं. जन्मभर शाळेत व्यसनमुक्तीची भाषणं ठोकलेला माणूस दुसरं काय बोलणार? त्यात पोरीला मुलगा मनापासून आवडलेला.

"मी येतो, पण फक्त वास घेणार," अण्णा म्हणाले. घरी सांगितलं, द्राक्षबाग बघायला चाललोय. तसं खोटं नव्हतंच. बाग होती, फक्त बाटलीत होती!

* * *

शिकवायला पुण्याच्या एक मॅडम. पहिला धडा : घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि समोरच्या बादलीत थुंकायचा.

तात्या उभेच राहिले. "मॅडम, फौजेत रमचा थेंब सांडला तरी रातभर झोप येत न्हाई. आन हितं थुंकायचं?"

"काका, गिळली तर चढते. मग चव कळत नाही."

"मग आमी आलोय कशाला?"

त्यांची बादली शेवटपर्यंत कोरडी राहिली.

* * *

मग वासाचा तास. शेजारच्या टेबलावरची शहरी जोडपी डोळे मिटून "चेरी", "व्हॅनिला" असं काहीबाही पुटपुटत होती. त्यातल्या किती जणांनी चेरी केकवर सोडून कुठं बघितली असेल, देव जाणे.

मॅडमनी बापूंना विचारलं. बापूंनी ग्लासात नाक घातलं. "जुन्या चपलंचा येतोय."

"वा! लेदर! एक्सलंट!"

बापू चमकले. उगाच आपलं बोललो आणि पास झालो? पुढच्या ग्लासाला म्हणाले, "म्हशीच्या गोठ्याचा."

मॅडमनी टाळी वाजवली. "बरोबर! काही जुन्या रेड वाइनना अगदी तसाच वास असतो!"

बापू आमच्याकडं वळून म्हणाले, "आरं, मग मी जल्मभर टेस्टिंगच करतोय की!"

* * *

वाइनबरोबर चीजचे तुकडे ठेवले होते. साबणाची वडी कापावी तसे. तात्यांनी एक चाखला आणि गुपचूप पिशवीतनं सांगलीचं भडंग काढलं. लसणाचा वास सुटला आणि चेरी-व्हॅनिलावाली जोडपी एकेक करत आमच्या टेबलाला आली. एकानं तर विचारलं, "अंकल, हे कुठल्या वाइनबरोबर घ्यायचं?"

"पेपरच्या कागदाबरोबर," तात्या म्हणाले.

* * *

आणि अण्णा? ते फक्त वास घेणार होते ना! पहिल्या ग्लासाचा वास घेतला. दुसऱ्याला म्हणाले, "ओठ लावल्याशिवाय विषय समजत नाही." चौथ्याला तर बोट वर करून शंका विचारत होते.

हाडाचा मास्तर. मॅडमनी शिकवलेलं सगळं घोटून पाठ केलं. ग्लास खालनं धरायचा, तिरका करून उजेडात रंग बघायचा, गरगर फिरवायचा, नाक घालायचं, डोळे मिटायचे, मग घोट. सर्टिफिकेट मिळालं ते त्यांनी माझ्या दुकानात, जुलाबाच्या औषधांमागं लपवलं. पण हाताची सवय कुठं लपवणार? परतताना टपरीवरचा चहासुद्धा त्यांनी फिरवूनच प्यायला.

* * *

पंधरवड्यानं भाऊसाहेबांकडं सुपारी फोडायला गेलो. घराचा पुढचा सोपा माणसांनी भरलेला. भाऊसाहेब चारचौघांत अभिमानानं सांगत होते, "आमच्याकडं व्यसन मंजी च्या! सरांचं घर बी तसंच."

घरच्या बागेतल्या काळ्या द्राक्षांचा रस आला. काचेच्या ग्लासात.

अण्णांनी ग्लास उचलला. खालनं धरला. तिरका करून दाराच्या उजेडात रंग बघितला. मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण गाडी सुटली होती. गरगर फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले.

अण्णांच्या सौ., आमच्या वहिनी, बघतच राहिल्या. अण्णांनी डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. बापाच्या एका घोटापायी तिचं लग्न मोडणार, या विचारानं मला अण्णांचा असा राग आला म्हणून सांगू!

भाऊसाहेब अण्णांकडं एकटक बघत होते. मग सावकाश त्यांनी आपला ग्लास उचलला. खालनं धरला. उजेडात तिरका केला. गरगर फिरवला. नाक घातलं.

आणि व्याह्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "सर, तुमी शनवारच्या बॅचला हुता का ऐतवारच्या?"